अचूक ध्वनी घ्यावा की मनाला भावणारा? घरच्या संगीतयंत्रणेविषयी सल्ला हवा आहे

पार्लेकर_श्रोता:

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या पश्चात त्यांचा रेकॉर्डसंग्रह माझ्याकडे आला आहे. सुमारे अडीचशे लाँग-प्ले आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या साठेक तबकड्या असा तो ऐवज असून त्यात बहुतेक हिंदुस्थानी कंठसंगीत, थोडे नाट्यसंगीत आणि सतार-सरोदाची काही वादने आहेत. वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होऊन चालू झाला आहे, परंतु ॲम्प्लिफायर आणि स्पीकर नव्याने घ्यायचे आहेत. त्यासाठी दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत आणि पुढची पंधरा वर्षे तरी ही खरेदी पुन्हा करावी लागू नये, अशी इच्छा आहे. विलेपार्ले पूर्वेला आमची बैठकीची खोली सोळा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि तिथे बसूनच ऐकणे होईल.

आतापर्यंत दोन संच मनापासून ऐकले. पहिला एका दुकानाच्या श्रवणकक्षात ऐकला. त्यात स्टुडिओ मॉनिटर पद्धतीचे स्पीकर आणि ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर होता. विक्रेत्याने मोजमापांचे आलेख दाखवले. ४० हर्ट्झपासून (सेकंदाला ४० कंपने) २०,००० हर्ट्झपर्यंत रेषा जवळजवळ सपाट होती, म्हणजे सर्व स्वर सारख्याच जोराने वाजत होते, आणि ॲम्प्लिफायरचे डिस्टॉर्शन (मूळ ध्वनीत होणारी विकृती) ०.००२ टक्के होते. ऐकताना तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या कळत होत्या, गायकाने घेतलेला श्वाससुद्धा जागच्या जागी ऐकू येत होता. तरीही पाऊण तासाने मला थकवा आला आणि द्रुत बंदिश सुरू होण्याआधीच मी उठलो.

दुसरा संच शिवाजी पार्कजवळच्या जुन्या इमारतीत, एका स्नेह्यांच्या घरी ऐकला. आठ वॅटचा, फीडबॅक (बाहेर पडणारा संदेश परत आत देऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेला, व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर आणि जुन्या घडणीचे रुंद स्पीकर. तिथे डग्गा थोडा पसरट वाटत होता आणि वरच्या पट्टीत झिलई कमी होती, हे मलाही जाणवले. परंतु संध्याकाळी सात वाजता बसलो तो रात्री साडेअकराला उठलो, आणि वडील ज्या तबकडीवर जीव टाकत ती ऐकताना डोळ्यांत पाणी आले.

मोजमापांना प्रमाण मानणारे माझे दोन मित्र म्हणतात की दुसरा संच खोटे बोलतो. त्यात जे ऐकू आले ते रेकॉर्डवर नाहीच. मला खरोखरच समजून घ्यायचे आहे. मोजमापात उणा ठरणारा संच जाणूनबुजून निवडणे हे कलाकाराच्या मूळ आविष्काराशी अप्रामाणिक ठरते का? की घरी ऐकणाऱ्याने आपल्या आनंदालाच प्रमाण मानावे?


खर्ज:

आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ध्वनिमुद्रणाच्या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत.

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपण दोन संचांची तुलना केली असे आपल्याला वाटते, परंतु प्रत्यक्षात दोन खोल्या, दोन आवाजपातळ्या, दोन वेगळ्या रेकॉर्ड आणि दोन वेगळ्या मनःस्थिती यांची तुलना झाली आहे. दुकानात संच बहुधा मोठ्या आवाजात लावतात. आपल्या कानाची संवेदनशीलता सर्व स्वरांना सारखी नसते आणि ती आवाजाच्या पातळीनुसार बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. आवाज कमी असला की खर्जाकडचे स्वर आपल्याला प्रत्यक्षापेक्षा दुबळे ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरीव होतात आणि सारे काही अधिक उठावदार वाटते. तो उठाव पहिली दहा मिनिटे मोहवतो आणि पाऊण तासाने थकवतो. आपल्याला आलेला थकवा अचूकतेमुळे आला, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

दुसरे असे की अचूकता आणि आवड यांत आपण समजतो तेवढे वैर नाही. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये असताना १९८० च्या दशकात पडद्याआड ठेवलेल्या स्पीकरांवर श्रवणचाचण्या केल्या. कोणता स्पीकर वाजतो आहे हे ठाऊक नसताना बहुसंख्य श्रोत्यांनी ज्यांना पसंती दिली, ते समोरून सपाट आणि बाजूंनी सलग, खाचखळग्यांवाचून उतरत जाणारा आलेख असलेले स्पीकर होते. पुढे शॉन ऑलिव्ह आणि टूल यांनी १९९४ साली असेही दाखवले की स्पीकर डोळ्यांना दिसत असले की त्याच श्रोत्यांची मते बदलतात. आकार, किंमत आणि नाव यांचा परिणाम कानावर होतो. स्नेह्यांच्या घरी अंधारात उजळलेले व्हॉल्व्ह आपण पाहत होतात आणि वडिलांची तबकडी लावलेली होती. ते अश्रू खरेच आहेत, मात्र त्यांचे श्रेय ॲम्प्लिफायरला किती द्यायचे हे वेगळे तपासावे लागेल.

आता व्हॉल्व्हच्या गोडव्याचे एक कारण सांगतो, जे डिस्टॉर्शनच्या चर्चेत बाजूला राहते. फीडबॅक नसलेल्या अशा ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या विद्युतप्रवाहाला त्याच्या आतूनच होणारा अडथळा) दोन ओहमच्या घरात असू शकतो. स्पीकरचा इम्पीडन्स मात्र स्थिर नसतो. कुठे तो चार ओहम असतो, तर कुठे चोवीस. चार ओहमच्या जागी ॲम्प्लिफायरच्या पोटातच साडेतीन डेसिबेल (आवाजपातळीचे एकक) जातात, चोवीसच्या जागी जेमतेम पाऊण डेसिबेल. म्हणजे स्पीकरच्या इम्पीडन्सचा जसा चढउतार असेल, तसा जवळजवळ तीन डेसिबेलचा चढउतार आवाजातही उमटतो. हा एक प्रकारचा टोन कंट्रोलच झाला, फक्त त्याची गुंडी आपल्या हातात नाही आणि स्पीकर बदलला की त्याची चाल बदलते. आपल्याला भावले ते कदाचित एवढेच असेल.

०.००२ टक्के या आकड्यालाही फार महत्त्व देऊ नये. लाँग-प्लेच्या लेबलाजवळच्या खाचांत डिस्टॉर्शन एक टक्क्याच्या पुढे सहज जाते. जो स्रोत स्वतःच इतके डिस्टॉर्शन आणतो, त्यासाठी दशांशचिन्हानंतरच्या शून्यांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

यापेक्षा आपल्या खोलीकडे पाहावे. सोळा फूट लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेची पहिली घुमणूक ३५ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरी ७० च्या आसपास येते. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची. म्हणजे आपली खोली नेमक्या त्या तारेला उचलून धरणार, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो घुमारा सर्वाधिक असणार. दुसऱ्या घुमणुकीचा जोर भिंतींजवळ आणि खोलीच्या मध्यभागी असतो, भिंतीपासून चार फुटांवर तो जवळपास नाहीसा होतो. ऐकण्यापुरती एक खुर्ची भिंतीपासून पुढे घेऊन पाहावी. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

शक्य असेल तर दोन्ही ॲम्प्लिफायर दोन दिवस घरी आणून एकाच स्पीकरवर लावावेत. ४०० हर्ट्झच्या आसपासचा टेस्ट-टोन लावून स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे आणि दोन्हींत एक टक्क्याहून अधिक फरक राहू देऊ नये. एक टक्का म्हणजे साधारण एक दशांश डेसिबेल. अर्ध्या डेसिबेलने मोठा असलेला संच मोठा वाटत नाही, तो चांगला वाटतो. अदलाबदल दुसऱ्या कोणीतरी करावी आणि आपल्याला ती दिसू नये. तारा बदलताना दोन्ही ॲम्प्लिफायर बंद असावेत, कारण व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालू राहिला तर त्याच्या ट्रान्सफॉर्मरला इजा होऊ शकते.


गिरगाव_तबकडी:

खर्ज यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, तरीही 'अचूक' या शब्दावर माझा आक्षेप नोंदवतो. कशाशी अचूक?

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचेच घ्या. १९२५ पूर्वीच्या तबकड्यांवर गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायलेले आहे. त्यांत खर्जाचा बराच भाग आणि वरचे उपस्वर उमटलेलेच नाहीत. त्यानंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले, पण तबकडी कापताना खर्ज किती दाबायचा आणि वरची पट्टी किती उचलायची, याचे गणित प्रत्येक कंपनीचे वेगळे होते. १९५४ नंतर आरआयएए वक्र, म्हणजे या दाब-उचलीचे एकच ठरलेले प्रमाण, सर्वत्र रूढ होत गेला. आजचा जवळपास प्रत्येक फोनो प्रीॲम्प्लिफायर (सुईकडून येणारा क्षीण संदेश वाढवणारे यंत्र) त्याच वक्राने २० हर्ट्झचा स्वर सुमारे १९ डेसिबेल उचलतो आणि २०,००० हर्ट्झचा जवळजवळ तितकाच दाबतो. लाँग-प्लेसाठी हे योग्य आहे. जुन्या तबकडीवर वरची पट्टी मुळात इतकी उचललेलीच नसते, त्यामुळे ती या वक्राने वाजवली की गळा गोधडीआडून आल्यासारखा ऐकू येतो. आता आपला सपाट आलेखाचा संच काय करील? ही चूक तो अत्यंत अचूकपणे आपल्यापर्यंत पोहोचवील. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की ज्या ॲम्प्लिफायरला खर्ज आणि वरची पट्टी यांच्या गुंड्या नाहीत, तो आपल्या संग्रहासाठी निरुपयोगी आहे, मग तो कितीही शुद्ध असो. गेल्या काही दशकांत 'शुद्धते'च्या नावाखाली या गुंड्या महागड्या यंत्रांवरून काढून टाकल्या गेल्या, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक. आपल्या संगीतात रंग भरणे हा दोष मानलेला नाही. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? घोडीचा माथा किंचित गोलाईने घासून त्यावर तार जेमतेम टेकेल अशी ठेवायची आणि मध्ये दोरा सरकवायचा. भौतिकशास्त्रज्ञ चं. वें. (सी. व्ही.) रामन यांनी १९२१ साली दाखवले की एरवी तार विशिष्ट बिंदूवर छेडली असता जे उपस्वर उमटू नयेत, तेसुद्धा या घोडीमुळे तंबोऱ्यातून स्पष्ट उमटतात. भौतिकशास्त्राच्या साध्या नियमाला बगल देऊनच तंबोरा तंबोरा झाला आहे. मग व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरने थोडे उपस्वर मिसळले, तर त्याला एकदम खोटारडा ठरवण्याची घाई का करावी?

प्रामाणिकपणाचा निकष मी वेगळा धरतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे टाटा थिएटर १९८० साली सुरू झाले; त्याची ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची आहे. तिथे, किंवा गिरगावात लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणी ज्या बैठकी होत तिथे, समोर बसून ऐकलेला गळा ज्यांच्या कानात आहे, त्यांनी डोळे मिटून घरचा संच ऐकावा आणि तो गळा भेटतो का ते पाहावे. आलेख त्यानंतर पाहिले तरी चालतील.


शाई_चाट:

मी तबला शिकवतो, म्हणून एकाच मुद्द्यापुरते लिहितो, पण तो मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

जवारीचा दाखला सुंदर आहे, तरी तो उलट बाजूने वाचायला हवा. तंबोऱ्याची जवारी पट्टी बदलली की पुन्हा लावतात. दोरा एका केसाएवढा सरकवून कान तृप्त होईपर्यंत कलाकार बसून राहतो. ती तंबोरा, सतार अशा मोजक्याच वाद्यांना असते, गळ्याला किंवा तबल्याला ती कोणी लावत नाही. ॲम्प्लिफायरची जवारी मात्र एकदाच कारखान्यात लावली जाते आणि मग गळा, सरोद, तबला, निवेदकाचे बोलणे, सगळ्यांवर सारखीच चढते. रंग हवा असेल तर तो दोऱ्यासारखा सरकवता आणि काढता यावा. गिरगावकरांनी सांगितलेल्या गुंड्या हा तो दोरा आहे, व्हॉल्व्ह नव्हे.

व्हॉल्व्हचे डिस्टॉर्शन गोड का लागते तेही पाहू. षड्जाचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट आंदोलनांचा उपस्वर) म्हणजे तार षड्ज, तिसरा म्हणजे तार सप्तकातला पंचम, पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. हे सारे तंबोऱ्यात असतातच, म्हणून कानाला परके वाटत नाहीत. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली पडतो आणि खुपतो. साध्या ट्रायोडमध्ये (तीन अग्रांच्या व्हॉल्व्हमध्ये) दुसऱ्याचे प्रमाण अधिक असते, म्हणून तो गोड. इथवर ठीक आहे. परंतु जे यंत्र दुसरा हार्मोनिक तयार करते, तेच यंत्र एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करते. षड्ज २४० आंदोलनांचा धरा. तंबोरा षड्ज देत असताना गायक २७० वर शुद्ध रिषभ लावतो. बेरीज ५१०. तार सप्तकातला कोमल रिषभ ५१२ वर आहे. म्हणजे ज्या रागात कोमल रिषभाला जागा नाही, त्या रागात यंत्राने एक अत्यंत क्षीण कोमल रिषभ सोडून दिला. तो वेगळा ऐकू येणार नाही, पण अशा शेकडो जोड्यांची मिळून जी धूसरता तयार होते, तिला आपण 'मऊपणा' म्हणतो.

आणि डग्गा. तबल्याच्या शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या लेपामुळे) त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, हे रामन यांनीच १९२० साली दाखवून दिले. बहुतेक चामड्याची वाद्ये इतका स्पष्ट स्वर देत नाहीत, तबला देतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड म्हणजे सुरू झाल्या क्षणापासून थांबेपर्यंत सतत वळत जाणारा स्वर. वर सांगितलेल्या जास्त आउटपुट इम्पीडन्समुळे ॲम्प्लिफायरची स्पीकरच्या पडद्यावरची पकड ढिली पडते, पडदा थांबायचा तिथे थांबत नाही आणि मींडेचे शेवटचे वळण पुसले जाते. आपण त्याला 'थोडा पसरट' म्हणालात. माझ्या विद्यार्थ्याने डग्गा असा वाजवला, तर मी त्याला थांबवीन.


माहीमची_वाचक:

पार्लेकरदादा, तुमची पंधरा वर्षांची अट वाचली म्हणून लिहिते. आमच्या घरापासून समुद्र जवळ आहे आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने काय होते ते मी पाहिले आहे. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल, तर ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. जुन्या घडणीचे स्पीकर घेताना कड रबराची किंवा कापडाची आहे याची खात्री करा. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मे महिन्यात बंद खोलीत तीन तास चालला की पंख्याची गरज भासते आणि पंख्याचा आवाज संगीतात मिसळतो. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात आणि ते वेळोवेळी बदलावे लागतात, तोही खर्च धरावा.

पार्ल्याच्या खोलीत जमिनीला फरशी आणि खिडकीला मोठी काच असणार, असा माझा अंदाज आहे. जाड पडदे आणि एक सतरंजी यांनी आमच्या खोलीत जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही नव्या यंत्राने पडला नव्हता.


पार्लेकर_श्रोता:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते सांगतो.

आधी खुर्ची हलवली. सध्या घरात असलेल्या साध्या स्पीकरवरही भिंतीजवळ खर्जाची तार नुसती गुरगुरत होती. चार फूट पुढे आल्यावर ती जरा दुबळी झाली आणि साधारण तीन फुटांवर बाकीच्या तारांच्या बरोबरीने आली. तंबोऱ्याची चार आवर्तने नीट ऐकू येणे म्हणजे काय, हे मला या खोलीत पहिल्यांदा कळले. माहीमच्या ताईंचा अंदाज तंतोतंत खरा आहे. काचेवर जाड पडदा लावला आणि सतरंजी अंथरली.

मग स्नेह्यांनी त्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर दिला आणि दुकानदारांनी ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि मॉनिटर स्पीकर शनिवार-रविवारसाठी दिले. लॅमिंग्टन रोडवरून मल्टिमीटर आणला, व्होल्टेज जुळवले, समोर चादर टांगली आणि पत्नीने अदलाबदल केली. एकाच स्पीकरवर एकाच ख्यालाचा एकच भाग बारा वेळा ऐकला. दहा वेळा कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे ते मला बरोबर ओळखता आले आणि त्यांतल्या बहुतेक वेळा पसंती व्हॉल्व्हला दिली. म्हणजे फरक खरा होता, माझ्या मनाचा खेळ नव्हता. त्यानंतर ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची वरच्या पट्टीची गुंडी किंचित खाली आणि खर्जाची किंचित वर केली आणि तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी बारांपैकी सातच ओळखता आले. ओळख चुकली काय किंवा बरोबर आली काय, ऐकण्याचे समाधान तेच होते. आवाज जुळवलेला असल्यामुळे दीड तास ऐकूनही थकवा आला नाही.

तबल्याच्या एकल वादनात मात्र गुंड्यांनी काही बदलले नाही. शाई_चाट यांनी सांगितलेले वळण ट्रान्झिस्टरवर स्पष्ट होते आणि व्हॉल्व्हवर ते मिटत होते. एकदा कळल्यावर मला ते न ऐकणे शक्य होईना. याउलट एक निरीक्षण गिरगावकरांच्या बाजूचे आहे. वडिलांच्या सर्वांत जुन्या तबकड्यांवर वरची गुंडी बरीच फिरवल्याशिवाय गळा बाहेर येतच नाही. त्यामुळे मी गुंड्या असलेला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणि ते मॉनिटर स्पीकर घेण्याचे ठरवले आहे. दोन लाखांतून पस्तीस हजार रुपये उरतात.

स्नेह्यांच्या घरी मला जे झाले ते इथे पुन्हा झालेले नाही, हेही नोंदवतो. त्यांच्याकडे जाऊन ऐकणे मी सोडणार नाही.

आता उरलेल्या रकमेविषयी एक प्रश्न. ७८ च्या तबकड्या वाजवताना खरखर फार येते आणि लाँग-प्लेची सुई त्यांच्यावर वापरत असल्याने तबकड्यांना इजा होईल का, अशी भीती वाटते. गिरगावकरांनी मार्गदर्शन करावे.


गिरगाव_तबकडी:

ती सुई आजच थांबवावी. लाँग-प्लेच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर ७८ च्या खाचेसाठी साधारण ७५ मायक्रॉनचे टोक लागते. लहान टोक खाचेच्या भिंतींवर न टेकता तळाशी फिरते, तिथली सारी धूळ आणि झीज वाचते, म्हणून आपल्याला ती खरखर ऐकू येते. शिवाय सुईही लवकर खराब होते. आपल्या कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) सुई काढता येण्याजोगी असेल, तर त्याच कार्ट्रिजला बसणारी ७८ ची सुई मिळते का ते पाहावे, अन्यथा एक स्वतंत्र कार्ट्रिज घ्यावे. सुईचा दाबही लाँग-प्लेपेक्षा अधिक, साधारण तीन ते पाच ग्रॅम ठेवावा लागतो. त्या सुईसोबतच्या पत्रकात दिलेला आकडा पाळावा.

दुसरे, ॲम्प्लिफायर घेताना मोनोचे (डावी-उजवी वाहिनी एकत्र करणारे) बटण आहे का ते पाहून घ्यावे. या तबकड्यांत संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असते. मोनो केल्यावर उभ्या हालचालीतून येणारा आवाज दोन वाहिन्यांमध्ये एकमेकांना छेदून जातो आणि गळ्याला धक्का न लागता खरखर बरीच उतरते.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण ७८ ला लावू नये, कारण या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, लेबल ओले न होऊ देता पुसावे आणि लगेच मऊ सुती कापडाने कोरडे करावे. पावसाळा संपेपर्यंत हे काम हाती न घेतलेलेच बरे. बुरशी आलेल्या तबकड्या तोवर बाकीच्यांपासून वेगळ्या, उभ्या ठेवाव्यात आणि त्यांची कागदी पाकिटे बदलून टाकावीत.